दंतरोपणाचा खर्च : भाव खुंटीचा की दाताचा?

तमिळनाडूतील कुंभकोणम हे नाव मराठी वाचकास परके नाही. तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखातील हे जुने विद्यानगर. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली येथेच जन्मले. आजची सिटी युनियन बँक १९०४ साली ‘कुंभकोणम बँक’ या नावाने येथेच स्थापन झाली. पितळी भांडी, फिल्टर कॉफी आणि कोवळी विड्याची पाने ही गावाची आणखी ओळख. २०२१ साली कुंभकोणमला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला, आणि दारासुरमच्या बाजूचे जुने विणकरांचे गाव आता शहरालाच लागून आहे. अशा वाढत्या वस्तीत नवी घरे, नवी दुकाने आणि त्यांच्यासोबत दंतवैद्यांच्या नव्या पाट्याही येतात. पानासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी दातांचा विषय निघावा, यात नवल ते काय!

विषय मात्र केवळ कुंभकोणमचा नाही. डोंबिवली, पिंपरी-चिंचवड किंवा नाशिक रोड येथील निवृत्त खातेदारासमोरही तोच प्रश्न असतो. दोन दाढा पडल्या आहेत, एक दवाखाना एक भाव सांगतो, दुसरा त्याच्या दुप्पट सांगतो, आणि तिसऱ्याच्या पत्रकावर अर्धी रक्कम छापलेली असते. यांतील महाग कोण आणि स्वस्त कोण, हे केवळ या तीन आकड्यांवरून ठरविता येत नाही, कारण ते तीन आकडे बहुधा तीन निरनिराळ्या वस्तूंचे असतात.

स्वीडनचे प्रा. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत असे आढळले की, टायटॅनियम हा धातू हाडाशी एकजीव होतो. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णास अशा खुंट्या बसविल्या. आजचे दंतरोपण त्याच तत्त्वावर चालते. जबड्याच्या हाडात बसणारी टायटॅनियमची खुंटी, तिच्यावरचा जोडभाग म्हणजे अबटमेंट, आणि त्यावर बसणारी कॅप, असे तीन भाग मिळून एक दात होतो. खुंटी बसविल्यावर हाड धरण्यासाठी साधारणतः तीन ते सहा महिने थांबावे लागते. दाढ काढणे, त्रिमितीय स्कॅन, हाड कमी असल्यास अस्थिभरण, तात्पुरता दात, हे सारे वेगळे. जाहिरातीतील भाव पुष्कळदा केवळ खुंटीचा असतो, आणि खुंटीने कोणालाही भाकरी चावता येत नाही.

उदाहरणादाखल, एका दवाखान्याने २५,००० रुपये सांगितले आणि दुसऱ्याने ४५,०००, असे समजू. पहिल्याच्या आकड्यात पुढे अबटमेंटचे ६,०००, कॅपचे ८,०००, स्कॅनचे ३,००० आणि अस्थिभरणाचे १०,००० मिळविले तर बेरीज ५२,००० होते. दुसऱ्याच्या ४५,००० मध्ये हे सर्व धरलेले असेल, तर ‘स्वस्त’ दवाखाना ७,००० रुपयांनी महाग पडला. येथे पहिला दंतवैद्य खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. त्याने अर्धेच सांगितले आणि ग्राहकाने अर्धेच विचारले, इतकेच.

या व्यवहारात उणीव आहे ती लेखी दरपत्रकाची. हृदयाच्या स्टेंटवर फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासनाने कमाल किमती ठरवून दिल्या. दातांच्या खुंट्यांना तसे संरक्षण लाभलेले नाही. केंद्राच्या २०१२ च्या वैद्यकीय आस्थापना नियमांत दरफलक स्थानिक भाषेत व इंग्रजीत लावण्याची तरतूद आहे. परंतु मूळ २०१० चा कायदा सर्व राज्यांनी स्वीकारलेला नाही. तेव्हा कायद्याची वाट न पाहता ग्राहकाने स्वतःच कागद मागणे श्रेयस्कर. याच तंजावर प्रांतात सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या काळी नेत्ररुग्णांच्या उपचारांची चित्रांसह नोंद ठेवली जात असे. ती कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. दोनशे वर्षांपूर्वी डोळ्याची नोंद कागदावर होऊ शकली, तर दाताचा हिशेब आज तोंडी का राहावा?

बँकेच्या ग्राहकास हे अवघड वाटू नये. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या आदेशान्वये किरकोळ कर्ज देताना प्रमुख तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात व्याजासोबत सर्व शुल्के मिळवून वार्षिक दर दाखवावा लागतो. दंतवैद्याकडेही तशाच स्वरूपाचे पत्रक मागावे : प्रत्येक भागाची किंमत, खुंटीची कंपनी व प्रकार, कॅप कोणत्या द्रव्याची, एकूण भेटी किती, आणि खुंटी हाडाने धरली नाही तर पुढील खर्च कोणाचा. ‘आजीवन हमी’ हे शब्द दिसल्यास ती हमी केवळ धातूच्या तुकड्याची की डॉक्टरांच्या शुल्काचीही, हे जरूर विचारावे. धातू सहसा मोडत नाही. अपयश येते ते हाडात आणि हिरडीत, आणि धूम्रपान वा अनियंत्रित मधुमेह असेल तर त्याची शक्यता वाढते. हे सत्य पत्रकावर छापले जात नाही. चांगला दंतवैद्य ते पहिल्याच भेटीत सांगतो, प्रसंगी रोपणास नकारही देतो. त्या नकाराचे मोल कोणत्याही सवलतीपेक्षा अधिक मानावे.

हप्त्यांचा मोह हा या विषयाचा दुसरा आणि अधिक निसरडा भाग. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसते. समजा, ६०,००० रुपयांचा उपचार ‘बिनव्याजी’ बारा हप्त्यांत, दरमहा ५,००० रुपये. कागदपत्रांचे शुल्क १,५०० रुपये आरंभीच. तोच उपचार एकरकमी घेणाऱ्यास ५६,००० रुपयांत मिळतो. म्हणजे प्रत्यक्षात ५४,५०० रुपयांची उसनवारी झाली आणि परतफेड ६०,००० ची. हिशेब केला तर हा दर वार्षिक सुमारे १८ टक्के पडतो. मुदत ठेव असल्यास तिच्या तारणावरील कर्ज यापेक्षा बहुधा स्वस्त पडेल, आणि ठेव मोडावी लागणार नाही. शिवाय उपचार काही महिन्यांत विभागलेला असतो. मग संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी का भरावी? खुंटी बसताना काही, कॅप बसताना उरलेली, अशी विभागणी मागण्यात कमीपणा नाही.

आरोग्यविम्यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही. अपघाताने झालेली इजा वगळता दंतोपचार सामान्य पॉलिसीतून बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीतील अपवादांचे पान आधी वाचावे.

खर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग मात्र घासाघीस हा नव्हे. रोपणांची संख्या हा आहे. खालच्या जबड्यातील सर्व दात गेलेल्या रुग्णास दोन खुंट्यांवर अडकणारी काढ-घाल कवळी हा पहिल्या पसंतीचा उपचार मानावा, असे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी सुचविले. ज्यांना सहा-आठ रोपणांचा अंदाज दिला गेला आहे, त्यांनी हा पर्याय जरूर विचारावा. एखादाच दात गेला असेल तर ब्रिज स्वस्त पडतो, परंतु त्यासाठी शेजारचे निरोगी दात घासावे लागतात. आणि अगदी मागची दाढ गेली असेल, तर काहीही न करणे हाही काही वेळा योग्य उपचार ठरतो. हे शेवटचे वाक्य कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट. भारतात दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शाखांत ‘इम्प्लांटॉलॉजी’ नावाची स्वतंत्र शाखा नाही. कृत्रिम दंतशास्त्र, हिरड्यांचे शास्त्र किंवा मुखशल्यचिकित्सा यांतील पदवीधर हे काम करतात, तसेच अनुभवी सामान्य दंतवैद्यही करतात. म्हणून पाटीवरील शब्दापेक्षा राज्य दंत परिषदेची नोंदणी आणि प्रत्यक्ष केलेले काम पाहावे. दुसरे मत घ्यायचे असेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत. कुंभकोणमकरांना त्यासाठी चिदंबरमपर्यंत जाता येते. तेथे रांग असते, वेळ लागतो. पण सल्ला देणाऱ्याचे उत्पन्न रुग्णाच्या होकारावर अवलंबून नसते.

खुंटीच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, माप आणि बॅच क्रमांक असलेले चिकटपत्र असते. त्याची एक प्रत मागून घ्यावी आणि पावत्यांसोबत घरच्या फाईलमध्ये लावावी. दहा वर्षांनी जोडभागाचा स्क्रू ढिला झाला, आणि तोवर मूळ दवाखाना बंद पडला असला किंवा मुलाकडे पुण्याला मुक्काम हलला असला, तरी नव्या दंतवैद्यास नेमका कोणता स्क्रू मागवायचा हे त्या चिटोऱ्यावरून कळेल.