बियाण्याची आई कोण?

बांधावरचं विज्ञान : साप्ताहिक स्तंभ, दिग्रस

दिग्रस-पुसद भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना ‘हायब्रीड’ म्हटलं की कपाशीच्या आधी ज्वारी आठवते. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते आणि संकरित ज्वारी महाराष्ट्राच्या वावरावावरांत पोचावी, हा त्यांचा ध्यास होता. देशातला ज्वारीचा पहिला व्यापारी संकर, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला. ठेंगणी, लवकर निसवणारी, खत मानवणारी ही ज्वारी होती. तिच्या उत्पादनाबद्दल, गावरानपुढे फिक्या लागणाऱ्या भाकरीबद्दल, तोकड्या कडब्याबद्दल आणि परतीच्या पावसात काळ्या पडणाऱ्या कणसांबद्दल भरपूर बोलून-लिहून झालं आहे. पण ही ज्वारी मुळात शक्य झाली ती पेशीतल्या तंतुकणिकेमुळे, म्हणजे मायटोकाँड्रियामुळे, आणि तंतुकणिकेचा वारसा फक्त आईकडून येतो, ही गोष्ट कृषी महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर फारशी आलीच नाही. माझं म्हणणं असं की, ती बाहेर न आल्यामुळे आपण पिकांच्या विविधतेचा हिशेब गेली साठ वर्षं अर्धवट करत आलो आहोत.

शाळेत तंतुकणिका हे ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ म्हणून एका वाक्यात उरकलं जातं. ते खरंच आहे. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणण्याचं मुख्य काम तिथेच होतं. पण या केंद्राला स्वतःचा डीएनए आहे, हे त्या वाक्यात येत नाही. फार प्राचीन काळी एका पेशीत शिरून तिथेच वस्तीला राहिलेल्या जिवाणूचे हे वंशज आहेत. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे जोरकसपणे मांडलं, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली; आज तो सर्वमान्य सिद्धांत आहे. माणसाच्या तंतुकणिकेत अवघी ३७ जनुकं आणि १६,५६९ अक्षरी डीएनए असतो. केंद्रकातल्या हजारो जनुकांपुढे हे भांडवल चिमूटभर, पण त्याची वाट वेगळी आहे. केंद्रकातला वारसा आई-बाप निम्मा-निम्मा देतात. तंतुकणिका मात्र बीजांडातून येतात. शुक्रपेशीतल्या मोजक्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. बहुतेक पिकांतही असंच घडतं. परागकण केंद्रक पोचवतो, बाकीची पेशी आईची. याला अपवाद आहेत. काकडीत तंतुकणिका बापाकडून येतात. पण ज्वारी, मका, तूर, सूर्यफूल या पिकांत आईचाच वारसा चालतो.

आता वावरात या. कपाशीचं फूल मोठं असतं. संकरित बियाण्याच्या प्लॉटवर मजूर आदल्या दिवशी दुपारनंतर उमलायच्या बेतात असलेली कळी निवडतात, नखाने पाकळ्यांसकट परागकोशांची नळी काढून टाकतात, खूण बांधतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलाचा पराग त्या कुक्षीवर लावतात. हाताने होणारं काम आहे, म्हणून भारतात ते हातानेच होत आलं. ज्वारीच्या एका कणसात हजारो फुलं असतात, प्रत्येक जेमतेम दाण्याएवढं. तिथे नख चालवून एकराला पुरेल इतकं बियाणं काढणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून झाडच असं हवं की ज्याला परागच येत नाही. असं झाड टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांना १९५४ मध्ये मिळालं. ‘मायलो’ प्रकारच्या ज्वारीची पेशी आणि ‘काफिर’ प्रकारच्या ज्वारीचं केंद्रक एकत्र आलं की दोघांचं जमेना. कणीस भरदार, कुक्षी निरोगी, पण परागकोश पांढुरके, सुकलेले, चोळले तरी बोटाला पिवळी पूड लागत नाही. याचं मूळ तंतुकणिकेत होतं. पराग घडत असताना परागकोशाच्या आतल्या थराला ऊर्जेची मोठी गरज असते आणि त्याच वेळी तंतुकणिकेतला बिघाड उघडा पडतो. पान, खोड, दाणा यांचं काम नेहमीसारखं चालतं; फक्त पराग मरतो.

या नरवंध्य झाडाला आई करायचं, तिच्या ओळींशेजारी परागाचा बाप लावायचा, आणि आईच्या कणसावर जो दाणा भरतो तो संकरित बियाणं म्हणून पिशवीत भरायचा. बापाच्या केंद्रकात असं जनुक लागतं जे तंतुकणिकेचा बिघाड झाकून टाकेल, नाहीतर शेतकऱ्याच्या वावरातली कणसं वांझ राहतील. सीएसएच-१ ची आई होती सीके ६०, म्हणजे काफिरचं केंद्रक मायलोच्या पेशीत. बाप होता आयएस ८४. पुढच्या काळात कितीतरी संकर आले, नावं बदलली, बाप बदलले, आईच्या केंद्रकातही सुधारणा झाल्या. तंतुकणिका मात्र जवळजवळ सगळ्यांत त्याच मायलोच्या राहिल्या. दुकानांच्या पाट्या दहा आणि गोदाम एकच, असा हा प्रकार आहे; आणि आपण विविधता मोजतो ती पाट्या मोजून.

हे गोदाम पेटलं तर काय होतं, याचा दाखला अमेरिकेतल्या मक्यात आहे. तिथे संकरित मक्याच्या बियाण्यासाठी आईचे तुरे हाताने उपटावे लागत. ‘टेक्सास’ पेशीद्रव्याची (पेशीद्रव्य म्हणजे केंद्रक सोडून उरलेली पेशी, तंतुकणिका त्यातच असतात) नरवंध्य आई मिळाल्यावर ही मजुरी वाचली, आणि १९७० पर्यंत देशातल्या ८० टक्क्यांहून जास्त मक्याच्या पेशीत एकाच मूळ आईच्या तंतुकणिका होत्या. पानं करपवणाऱ्या एका बुरशीचा नवा प्रकार त्या वर्षी दक्षिणेकडून पसरत गेला आणि एका हंगामात अमेरिकेच्या मक्याचं सुमारे १५ टक्के उत्पादन बुडालं. कारण नंतर उलगडलं आणि ते विलक्षण आहे. पराग मारणारं जे जनुक त्या तंतुकणिकेत होतं, त्याचंच प्रथिन बुरशीच्या विषाला दार उघडून देत होतं. विष त्या प्रथिनाला चिकटलं की तंतुकणिकेच्या आवरणाला भोकं पडत आणि पेशीचा ऊर्जापुरवठा तुटत असे. नरवंध्यत्व आणि रोगाला बळी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. बापाकडून कितीही चांगला वारसा आला तरी उपयोग नव्हता, कारण दुखणं आईच्या वाटेने येत होतं. सर्वांत बोचणारी बाब अशी की, या पेशीद्रव्याचा मका रोगाला जास्त बळी पडतो, हे फिलिपाइन्समधल्या संशोधकांनी १९६१ मध्येच छापून सांगितलं होतं. नऊ वर्षं ते कुणी मनावर घेतलं नाही. रोग येऊन गेल्यावर बियाणं कंपन्या पुन्हा हाताने तुरे उपटायला लागल्या.

यावर कृषिशास्त्रज्ञ एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. मायलोच्या पेशीद्रव्यावर साठ वर्षं ज्वारी पिकते आहे. तंतुकणिकेमुळे रोग बोकाळल्याचं उदाहरण ज्वारीत नाही. आपल्याकडच्या बाजरीचा अनुभवही त्यांच्या बाजूने आहे. १९६५ मध्ये आलेल्या एचबी-१ आणि तिच्या भावंडांवर १९७१ पासून गोसावी रोगाचा घाला पडला, तेव्हा संशय आधी आईच्या पेशीद्रव्यावर गेला. पुढे नीट तुलना करून पाहिल्यावर पेशीद्रव्य निर्दोष ठरलं. कमजोरी केंद्रकातल्या जनुकांची होती. म्हणजे आई एक असली की संकट येतंच, असं नाही. हे मी मान्य करतो, आणि मायलोची ज्वारी धोक्यात आहे असं माझं म्हणणंही नाही. पण बाजरीचं उदाहरण माझ्याही कामाचं आहे. तिथे संशय फिटला तो तपासणी झाली म्हणून, आणि तुलनेला वेगळ्या पेशीद्रव्याच्या ओळी हाताशी होत्या म्हणून. साठ वर्षं काही झालं नाही, हा पुरावा झाल्या वर्षांपुरता असतो. टेक्सास पेशीद्रव्याच्या मक्यातही मोठी साथ येईपर्यंत लाखो एकर हिरवेगार दिसत होते. बुरशीची पिढी काही दिवसांची असते आणि एकाच प्रकारचं भक्ष्य मैलोन्‌मैल पसरलं की तिला एकदाच जमून जावं लागतं.

‘तीन-चार डझन जनुकांवर एवढा काथ्याकूट कशाला’, असाही प्रश्न येतो. उत्पन्न, उंची, दाण्याचा रंग, बीटी कपाशीचं अळीरोधक जनुक हे सगळं केंद्रकात आहे, खरं. पण जनुकांच्या संख्येवर वजन ठरवणं चूक आहे. मक्याचं एवढं पीक ज्याने आजारी पाडलं, ते एकच जनुक होतं.

दिग्रसच्या शेतकऱ्याने हे आता का वाचावं? ज्वारी आपल्याकडे मागे पडली. पऱ्हाटी आणि सोयाबीनने तिची जागा घेतली. पण त्या दोन्हींत तुरीचं तास असतंच, आणि तुरीत आज तोच डाव मांडला जातो आहे जो १९६४ मध्ये ज्वारीत मांडला गेला. पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’मध्ये तुरीची नरवंध्य आई तयार झाली. कजानस कजानिफोलिअस या तुरीच्या रानटी भाऊबंदाची पेशी आणि लागवडीच्या तुरीचं केंद्रक, असा तिचा मेळ आहे. त्यातून निघालेला आयसीपीएच २६७१ हा संकर २०१० मध्ये मध्य प्रदेशसाठी प्रसारित झाला. महाराष्ट्रातल्या शेतांवरही त्याच्या चाचण्या झाल्या. कडधान्यात असं नरवंध्य पेशीद्रव्य वापरून संकर करणं जगात पहिल्यांदाच साधलं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तुरीचं हेक्टरी उत्पादन वर्षानुवर्षं जागच्या जागी आहे. संकराने ते वाढलं तर हवंच आहे. परंतु हे सगळं काम पुन्हा मुख्यतः एका पेशीद्रव्यावर उभं राहतं आहे. संकरित तुरीखालचं क्षेत्र अजून थोडं आहे, म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या रानटी जातीची पेशी जोडीला आणण्यासाठी हीच वेळ आहे. लाखो हेक्टर झाल्यावर आई बदलायची म्हणजे बियाण्याची सगळी साखळी नव्याने बांधायची, आणि त्याला वर्षं जातात.

ज्वारीत पर्याय तर घरचाच आहे. मराठवाडा-सोलापूरकडे रब्बीत पेरली जाणारी मालदांडी सगळ्यांच्या माहितीची. मोहोळला निवडलेली एम ३५-१ तिच्यातलीच. या मालदांडीच्या पेशीद्रव्यातही नरवंध्यत्व देण्याचा गुण सापडला असून जगभरच्या ज्वारी-संशोधनात ते ‘ए-४’ गटातलं मालदांडी पेशीद्रव्य म्हणून ओळखलं जातं. मग ते वापरात का नाही? अडचण खरी आहे. मालदांडीच्या पेशीतला बिघाड झाकून पराग परत आणणारे बाप फार कमी सापडतात. मायलोला असे बाप मुबलक मिळतात, म्हणून बियाणं काढणाऱ्याला मायलो सोयीची पडते. खासगी कंपनी अवघड वाट धरणार नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. ज्या कामात नफा नाही पण गरज आहे, ते करायला तर आपण सार्वजनिक पैशाने अकोला, परभणी, राहुरी इथे कृषी विद्यापीठं चालवतो. मालदांडीसाठी बाप शोधण्याचं काम तिथे नेटाने, पुरेसा निधी देऊन चालायला हवं.

आणि दुसरं काम याहून सोपं आहे. संकरित वाण प्रसारित करताना त्याचं पेशीद्रव्य कुठल्या मूळ आईचं, ते जाहीर करा आणि पिशवीवर एका ओळीत छापा. शेतकऱ्याला हे कळणार नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जो शेतकरी बैल किंवा गाय घेताना तिच्या मायची चौकशी करतो, त्याला बियाण्याची आई विचारणं अवघड नाही. शिवाय ती ओळ एकट्या शेतकऱ्यासाठी नाही. तालुक्यात रोग आला तर कृषी अधिकाऱ्याला आणि विद्यापीठाला पहिल्याच आठवड्यात ताडून पाहता येईल की, करपलेल्या वावरांत वाण निराळे पण आई एकच आहे का. अमेरिकेत १९७० मध्ये हे ओळखता आलं ते टेक्सास पेशीद्रव्य कुठे आहे आणि कुठे नाही, हे माहीत होतं म्हणूनच.

दिग्रस, दारव्हा, पुसद, आर्णी भागात कुणाच्या घरी अजून हुरड्यापुरती वाणी, जुनी सावनेर किंवा रामकेल ज्वारी, बांधावरची गावरान तूर राखलेली असेल, तर ती मोडीत काढू नका. अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे. तालुका कृषी कार्यालयामार्फत किंवा थेट तिथे त्यातलं मूठभर बी द्या. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचा वाण त्याच्या नावावर नोंदवता येतो, तीही चौकशी करा. बी देताना कणीस कुणाच्या वावरातलं, किती पिढ्यांपासूनचं, हे सोबत लिहून द्या. आईच्या वाटेने आलेल्या वारशाची दुसरी नोंद कुठेही नाही.