टॅपेटचा आवाज घालवू नका, फट मोजा

सकाळी दहा किका मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, चढाला दम टाकते, अ‍ॅव्हरेज उतरलंय. मग आपण काय करतो? तालुक्याला जाऊन गॅरेजला लावतो आणि मिस्त्रीला सांगतो, "बाबा, इंजिनाचा तेवढा आवाज घालव." इथंच आपलं चुकतं.

मीही चुकलो. माझ्या जुन्या हिरो होंडाची टिकटिक एका मिस्त्रीनं पाच मिनिटांत बंद केली. गाडी मुकी झाली. मी खुशीत त्याला चहा पाजला. पुढं ऐन सोयाबीन काढणीत गाडीनं जीव टाकला. हेड उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला! दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. आवाज घालव म्हणालो, त्यानं घालवला.

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. इंजिन तापलं की धातू वाढतो. फटच नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसत नाही. कॉम्प्रेशन गळतं, जळता वायू कडेनं निसटतो आणि व्हॉल्व्ह करपतो. फट जास्त झाली तर टिकटिक वाढते, व्हॉल्व्ह कमी उघडतो, ताकद जाते. म्हणून थोडी टिकटिक बरी, पण अगदी गप्प टॅपेट वाईट.

हे काम घरी होतं. राजदूत, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांना असे व्हॉल्व्ह नसतात, त्यांनी हे सोडून द्यावं. सीडी १००, स्प्लेंडर असलेल्यांनी मात्र ऐकावं. गाडी रात्रभर उभी राहून इंजिन पूर्ण गार झालेलं हवं. चावी बंद, गाडी न्यूट्रल, प्लग काढलेला. हेडवरची दोन्ही झाकणं काढा. डाव्या बाजूची झाकणं काढून मॅग्नेट फिरवा आणि 'टी' ही खूण खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर हातानं किंचित हलले पाहिजेत. एखादा ताठ असेल तर पिस्टन एक्झॉस्टच्या फेऱ्यात वर आलाय, अजून एक पूर्ण फेरा द्या. मग लॉकनट सैल करून फिलर गेजची पट्टी सरकवा. पट्टी किंचित घासत निघाली की स्क्रू धरून नट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना फट बदलते. आकडा गाडीच्या पुस्तकातलाच धरा. या गाड्यांत तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. तिथं अंदाजपंचे चालत नाही.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे टॅपेट आपल्यातलेच लोक बांधावर बसून लावायचे. मग गाडीची भीती कशाला? ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांनाही विनंती आहे. तुम्हीही याच गाड्यांवर वाड्या-वस्त्या फिरता. गावात एक फिलर गेज ठेवा, पोरांना एकदा शिकवा. फार खर्च नाही.

आणि गॅरेजला गेलातच, तर "आवाज घालव" म्हणू नका. "गार इंजिनावर गेज लावून फट बघ," म्हणा. गाडी तिथं रात्रभर ठेवावी लागली तरी चालेल. व्हॉल्व्ह जळण्यापेक्षा एक दिवस पायी गेलेलं परवडतं.