‘असॅसिन्स क्रीड’ कुठून सुरू करावी? कल्याणच्या खाडीकाठचे एक मत

१/
या धाग्यांतून आपण आजवर शिलालेख, नाणी, बंदरे आणि किल्ले यांविषयी बोलत आलो. आजचा विषय थोडा निराळा आहे. परीक्षा संपल्या की एक प्रश्न हमखास येतो : “दादा, ‘असॅसिन्स क्रीड’ कुठून सुरू करू?” विचारणारे बहुधा ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातले असतात, पैसे एकाच गेमपुरते असतात आणि सुट्टी महिन्याभराची. या प्रश्नाला ‘कुठूनही कर’ असे उत्तर देणे मला पटत नाही. माझे उत्तर ठरलेले आहे, आणि त्यामागची कारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ऐकावीत अशी आहेत.

२/
ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पहिला गेम २००७ साली आला. त्याचा काळ ११९१, म्हणजे तिसरे धर्मयुद्ध. शहरे जेरुसलेम, दमास्कस आणि एकर. २००९ च्या दुसऱ्या भागात पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्स आणि व्हेनिस आले. पुढे अमेरिकन क्रांती, कॅरिबियन समुद्रातील चाचे, क्रांतिकाळातील पॅरिस, व्हिक्टोरियन लंडन असा प्रवास झाला. २०१७ च्या ‘ओरिजिन्स’पासून मालिकेने रूप पालटले. पात्राची पातळी वाढवणे, शस्त्रे व कौशल्ये निवडणे, अशी रोल-प्लेइंग गेमची रीत तिने स्वीकारली. ‘ओडिसी’ (२०१८), ‘व्हॅलहाला’ (२०२०) आणि ‘शॅडोज’ (२०२५) हे त्याच वाटेवरचे भाग.

३/
कुठून सुरुवात करावी याची तीन उत्तरे सामान्यतः दिली जातात.
पहिले : प्रकाशनाच्या क्रमाने, म्हणजे २००७ पासून.
दुसरे : कथेतील कालक्रमाने, म्हणजे इ.स.पूर्व ४३१ च्या ग्रीसमध्ये घडणाऱ्या ‘ओडिसी’पासून.
तिसरे : सर्वांत नवा भाग घ्या, मागचे विसरा.
तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. तरीही पहिल्या गेमसाठी मला ही तिन्ही उत्तरे चुकीची वाटतात.

४/
पहिले उत्तर मी स्वतः एकदा दिले होते आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. डोंबिवलीतला माझा मावसभाऊ अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. “शिस्तीत पहिल्यापासून खेळ,” असे मी त्याला मोठ्या अधिकाराने सांगितले. पहिल्या गेमची बांधणी अशी की प्रत्येक लक्ष्यापूर्वी तीच कामे पुन्हा करायची : कुणाचे बोलणे चोरून ऐकणे, कुणाच्या खिशातून पत्र काढणे, उंच मनोऱ्यावर चढून शहर पाहणे. २००७ साली त्यात अपूर्वाई होती. त्याने दोन आठवड्यांत गेम सोडला. पण मला लागून राहिले ते त्याचे वाक्य : “दादा, इतिहास असाच असतो का रे? तेच तेच?” एक गेम सुटल्याचे दुःख नव्हते; माझ्या हट्टापायी त्याचे इतिहासाचे कुतूहलच विझते की काय, अशी भीती वाटली.

५/
‘पहिल्यापासून’ हा शब्दच मुळात फसवा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला १८९८ साली सुरुवात केली. पहिल्या खंडात कोणता काळ आहे? शिवकाल नव्हे. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत, म्हणजे पानिपतापर्यंतची. शिवकालीन कागद पुढच्या खंडांत आले. साधने ज्या क्रमाने हाती लागतात त्या क्रमाने छापली जातात. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम वेगळाच असतो. म्हणून मराठ्यांचा इतिहास नव्याने वाचू पाहणाऱ्याला कोणीही ‘खंड पहिला, पान पहिले’ असे सांगत नाही. मग गेमच्या बाबतीत तो आग्रह कशासाठी?

६/
कालक्रमाचा आग्रहही तितकाच फसवा. ‘ओडिसी’ कथेत आधी येतो हे खरे, पण तो बनला नंतर, आणि आधीचे भाग खेळलेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून. त्याचा नकाशा अवाढव्य आहे, संवादांत पर्याय निवडायचे आहेत, मुख्य कथा संपवायलाच चाळीस तासांहून अधिक वेळ लागतो. सकाळी कल्याणहून लोकल पकडून रात्री आठला घरी परतणाऱ्या माणसाने पहिल्याच पावलाला हा डोंगर चढू नये. नव्यात नवा ‘शॅडोज’ सोळाव्या शतकातील जपान सुंदर उभा करतो, पण त्याला नव्या पिढीचा कन्सोल किंवा दमदार संगणक लागतो. घरातल्या जुन्या यंत्रावर तो चालायचा नाही.

७/
माझे उत्तर आहे ‘ओरिजिन्स’. काळ इ.स.पूर्व ४९ ते ४७. स्थळ टॉलेमी घराण्याच्या अखेरच्या दिवसांतील इजिप्त. नायक सिवा या मरूद्यानातील बायेक. भोवती क्लिओपात्रा, तिचा भाऊ तेरावा टॉलेमी आणि ज्युलियस सीझर. मारेकऱ्यांच्या संघटनेची स्थापना याच भागात दाखवली आहे, त्यामुळे आधीची कथा ठाऊक नसली तरी अडत नाही. आधुनिक काळातील उपकथाही इथे नव्या पात्रापासून सुरू होते. मुख्य कथा साधारण तीस तासांची, म्हणजे रोज एक तास दिला तर महिनाभराची. आणि मागच्या पिढीच्या कन्सोलवरही तो चालतो.

८/
ही झाली व्यावहारिक कारणे. माझ्या मते खरे कारण निराळे आहे, आणि ते कल्याणच्या खाडीत आहे.
इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक माणसाने व्यापाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. तिला आज आपण ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ म्हणतो. तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या बंदरांतून निघून भारताच्या किनाऱ्यावर कुठे काय मिळते, याची ती नोंद आहे. तिच्यात बारिगाझा म्हणजे भडोच आहे, पैठाना म्हणजे पैठण आहे, तगर म्हणजे तेर आहे, सुप्पारा म्हणजे सोपारा आहे, आणि ‘कॅलिएना’ आहे. हे कॅलिएना म्हणजे आपले कल्याण.

९/
लेखक काय सांगतो ते पाहा. थोरल्या सॅरागॅनसच्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे ती सँडेनीस याच्या ताब्यात गेली आणि व्यापाराला अडथळा आला. तेथे चुकून पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यातील चढाओढीची ही सावली आहे, असे अभ्यासक मानतात. आपल्या खाडीवरून दोन सत्ता झगडत होत्या आणि त्याची झळ इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याला लागत होती!

१०/
आता काळ जुळवून पाहा. गेम संपतो तेव्हापासून जेमतेम वीस-पंचवीस वर्षांनी स्ट्रेबो हा भूगोलकार लिहितो की मायोस हॉर्मोस या बंदरातून १२० जहाजे भारताकडे निघतात. टॉलेमी राजांच्या काळी मात्र फारच थोडे लोक हे साहस करीत. म्हणजे बायेकचा इजिप्त हा त्या मोठ्या व्यापाराच्या उंबरठ्यावरचा इजिप्त आहे. सहाव्या शतकात पुन्हा अलेक्झांड्रियाचाच एक माणूस, कॉस्मस, आपल्या ग्रंथात भारतातील मोठ्या पेठांमध्ये ‘कॅलिआना’चे नाव घेतो. शिवाय कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नोंद आहेच. त्या लेखांतला पैसा आला कुठून, या प्रश्नाच्या उत्तराचे एक टोक अलेक्झांड्रियात आहे.

११/
दुर्गाडी म्हटले की आपल्याला १६५७ आठवते. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीला आरमाराचे स्वप्न पडले. ती आठवण रास्तच आहे. पण त्याच खाडीची कथा त्याआधी दीड हजार वर्षे चाललेली होती. १६५७ मधून आत शिरलेला माणूस मागे सातवाहनांपर्यंत जाऊ शकतो, तसाच पुढे १७३७ च्या ठाणे मोहिमेपर्यंत किंवा १८५३ च्या रेल्वेपर्यंतही येऊ शकतो. कोणत्या दरवाजाने आत आलात याला फारसे महत्त्व नाही. तो दरवाजा तुमच्या घराजवळचा असावा, म्हणजे पुन्हा पुन्हा ये-जा होते. कल्याणकरासाठी या मालिकेतला जवळचा दरवाजा ‘ओरिजिन्स’ आहे. गेम कल्याणला येत नाही. ते अंतर आपणच कापायचे आहे.

१२/
एक सूचना. हा गेम प्रौढांसाठी आहे. त्यात हिंसा भरपूर आहे. वय कमी असेल तर त्याचाच ‘डिस्कव्हरी टूर’ हा भाग पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आला. त्यात लढाई नाही, शत्रू नाहीत. ७५ मार्गदर्शित सहली आहेत. पिरॅमिड, ममीकरण, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय, शेती, पाव भाजणे, सगळे निवांत फिरून पाहता येते. संगणकावर तो स्वतंत्रपणेही मिळतो. इतिहासाच्या शिक्षकांनीही एकदा पाहावा.

१३/
त्या सहलींतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे निर्मात्यांनी काही ठिकाणी दिलेली कबुली. अलेक्झांड्रियाच्या शाळेत मुले-मुली एकत्र बसलेली दिसतात. प्रत्यक्षात तसे नव्हते, हा बदल आम्ही जाणूनबुजून केला, असे ते सांगतात. आपण कुठे बदल केला हे सांगणाऱ्याशी निदान वाद घालता येतो. सर्वच भाग इतके प्रांजळ नाहीत. क्रांतिकाळावरील ‘युनिटी’मध्ये नोत्र दामच्या माथ्यावर जो उंच मनोरा दिसतो, तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधला गेला होता. २०१९ च्या आगीत कोसळला तो हाच. गेम पाहून त्यालाच १७८९ चा मानणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

१४/
याहून मोठा धोका मालिकेच्या मुळाशीच आहे. तिची कल्पना अशी की इतिहासातील प्रत्येक वळणामागे दोन गुप्त संघटनांचा झगडा आहे. सीझरच्या हत्येमागेही तेच. करमणूक म्हणून हे झकास आहे. पण हीच सवय आपल्याकडे मोबाइलवरून फिरणाऱ्या ‘दडवलेल्या इतिहासा’ला खतपाणी घालते : सगळे कुणीतरी लपवले, सगळे कुणीतरी घडवले. खरा सीझर अलेक्झांड्रियात थांबला त्यामागे पाँपेचा पाठलाग होता, राजघराण्यातला वारसाचा तंटा होता, आणि क्लिओपात्राच्या वडिलांनी करून ठेवलेले कर्जही होते. कर्ज, धान्य, कर, वारा, पाऊस : इतिहास पुष्कळदा अशा उघड गोष्टींनी हलतो. गेम खेळताना ही एक ओळ मनाच्या कोपऱ्यात असू द्यावी.

१५/
म्हणून माझी शिफारस अशी.
आधी ‘ओरिजिन्स’. मग २००९ चा दुसरा भाग, कारण कथा म्हणून तो मालिकेतील सर्वोत्तमांपैकी आहे आणि जुनी पद्धत समजून घ्यायला पहिल्या भागाहून सोपा आहे. त्यानंतर हवे तर ‘ओडिसी’. भारत हवा म्हणून २०१६ च्या ‘क्रॉनिकल्स : इंडिया’पासून सुरुवात करू नका, १८४१ च्या शीख साम्राज्याची पार्श्वभूमी मोहक आहे, पण तो बाजूने दिसणारा छोटा गेम आहे आणि मालिकेची खरी ओळख त्यातून होत नाही. २००७ चा पहिला गेम शेवटी खेळा. तोवर तुम्हाला त्याच्यातील उणिवांबद्दलही माया वाटू लागलेली असेल.

१६/
आणि गेमसोबत एक पुस्तक ठेवा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. सातवाहनांवरचे कोणतेही चांगले पुस्तक तिथे मागा. तीस तास गेमला दिलेत तर तीन तास पुस्तकाला द्या. एवढा कर मला रास्त वाटतो.

१७/
मावसभावाचे पुढे काय झाले? वर्षभराने मी माझी चूक कबूल करून त्याला ‘ओरिजिन्स’ दिला. आठवडाभराने त्याचा फोन : “दादा, ही अलेक्झांड्रियाची जहाजं जायची कुठे?” त्या रविवारी आम्ही दोघे दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीकडे तोंड करून उभे होतो. वाळूच्या होड्या, पुलावरची वाहनांची रांग, भरतीचे गढूळ पाणी. मी म्हटले, “इथे.” त्याने बराच वेळ काही विचारले नाही. नंतर विचारले, “कान्हेरीला कधी जायचं?”

१८/
तुमचा जवळचा दरवाजा वेगळा असू शकतो. कुणाला समुद्री चाच्यांच्या गोष्टीतून आपले आरमार दिसेल, कुणाला लंडनच्या भागात भेटणाऱ्या महाराजा दुलीपसिंगांमुळे पंजाब वाचावासा वाटेल. तुम्ही कुठून सुरुवात केलीत आणि तिथून कोणत्या खऱ्या कागदापर्यंत, शिलेपर्यंत किंवा गावापर्यंत पोहोचलात, ते खाली जरूर लिहा. मत पटले नाही तर तेही लिहा, मात्र कारणासह. धागा इथे संपतो.