अमेरिकेतील आरोग्य विमा : प्रश्न केवळ किमतीचा नाही

अमेरिकेतील सुमारे २ कोटी ४० लाख नागरिकांनी २०२५ या वर्षासाठी सरकारी विमा बाजारपेठेतून आरोग्य विमा घेतला होता. त्यांपैकी बहुसंख्यांचा हप्ता केंद्र सरकारच्या करसवलतीमुळे आवाक्यात राहिला होता. कोविड साथीच्या काळात, मार्च २०२१ मध्ये, या सवलतीत करण्यात आलेली वाढ ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपुष्टात आली. आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या ‘केएफएफ’ या संस्थेने असा अंदाज वर्तवला होता, की सवलतधारकाला स्वतःच्या खिशातून भरावा लागणारा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल. याच मुद्द्यावर अमेरिकी काँग्रेसमध्ये कोंडी होऊन १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकारी कामकाज अंशतः ठप्प झाले होते.

हप्त्यांच्या या वाढीमुळे सारी चर्चा विम्याच्या किमतीभोवती फिरत राहिली. तथापि, राज्याराज्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले असता वेगळेच चित्र दिसते. व्हर्माँट हे विम्याच्या दृष्टीने देशातील सर्वांत महागड्या राज्यांपैकी एक आहे. तेथे वयानुसार हप्ता ठरवण्यास परवानगी नाही. त्यामुळे २०२५ मध्ये चाळीस वर्षांच्या व्यक्तीसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या योजनेचा मूळ मासिक हप्ता १,२०० डॉलरहून अधिक होता. देशाची सरासरी होती सुमारे ५०० डॉलर आणि टेक्ससमधील हप्ताही त्याच्याच आसपास होता. असे असूनही व्हर्माँटमध्ये विमा नसलेल्यांचे प्रमाण देशात अत्यल्प आहे, तर टेक्ससमध्ये ते सर्वाधिक आहे. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या २०२३ मधील पाहणीनुसार टेक्ससमध्ये १६.४ टक्के लोकांकडे कोणताही विमा नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये हे प्रमाण अवघे २.६ टक्के होते. विमा किती महाग आहे यापेक्षा त्याचे पैसे कोण भरतो, हा प्रश्न येथे अधिक निर्णायक ठरतो.

या व्यवस्थेची घडण ऐतिहासिक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेतनवाढीवर निर्बंध आल्यावर कामगारांना आकर्षित करण्यासाठी कंपन्यांनी आरोग्य विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या हप्त्याला करमुक्त ठरवले आणि नोकरी व विमा यांची गाठ पक्की बसली. १९६५ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना सुरू झाल्या. मेडिकेअर पूर्णतः केंद्राच्या अखत्यारीत आहे. मेडिकेडचा खर्च मात्र केंद्र आणि राज्ये वाटून घेतात आणि पात्रतेचे बरेचसे निकष राज्ये ठरवतात. राज्याराज्यांतील तफावतीचे बीज येथेच आहे.

नोकरीतून मिळणारा विमाही स्वस्त नाही. २०२५ मध्ये अशा विम्याचा कुटुंबासाठीचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता. परंतु त्यांपैकी कर्मचाऱ्याच्या वाट्याला सरासरी ६,८५० डॉलर आले. उर्वरित रक्कम मालकाने भरली. लहान दुकाने, उपाहारगृहे, बांधकाम आणि शेती या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना अशी सोय बहुधा नसते. त्यांच्यासाठी सरकार पुढे येते की नाही, यावरच सारे अवलंबून राहते.

मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये, मिट रॉम्नी हे गव्हर्नर असताना, जवळजवळ सर्वांसाठी विमा अनिवार्य करून गरजूंना अनुदान देणारा कायदा केला. त्याच धर्तीवर अध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी राष्ट्रीय कायद्यावर स्वाक्षरी केली. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना मेडिकेड आणि त्यावरील उत्पन्नगटाला करसवलतीसह खाजगी विमा, अशी त्याची रचना होती. मात्र मेडिकेडचा विस्तार राज्यांवर सक्तीने लादता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०१२ रोजी दिला. परिणामी देश दोन भागांत विभागला गेला. २०२५ अखेर ४० राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांनी विस्तार स्वीकारला होता. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया यांच्यासह १० राज्यांनी तो नाकारला होता.

या विभाजनाचा अर्थ एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. वर्षाला १५ हजार डॉलर कमावणाऱ्या एकट्या, निरपत्य कामगाराची कल्पना करावी. एका व्यक्तीसाठी २०२५ ची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर होती. हा कामगार टेक्ससमध्ये राहत असेल, तर निरपत्य आणि धडधाकट प्रौढ म्हणून त्याला मेडिकेड मिळत नाही. दुसरीकडे, कायद्याने अशा गरिबांसाठी मेडिकेड गृहीत धरलेले असल्यामुळे दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला करसवलतही मिळत नाही. म्हणजे सवलतीला पात्र ठरण्याइतका तो श्रीमंत नाही आणि राज्याच्या लेखी मदतीला पात्रही नाही. सॅबीन नदी ओलांडून तो शेजारच्या लुइझियानात राहावयास गेला, तर त्याच उत्पन्नावर त्याला मेडिकेडचे छत्र मिळते. त्या राज्याने २०१६ मध्ये विस्तार स्वीकारला आहे. या पोकळीत देशभरात दहा लाखांहून अधिक लोक अडकलेले आहेत आणि त्यांत सर्वाधिक टेक्ससमधील आहेत.

विस्तार नाकारणाऱ्यांचीही काही बाजू आहे. वाढीव खर्चाचा ९० टक्के भार केंद्र उचलत असले, तरी उरलेला १० टक्के भार राज्यावर पडतो आणि उद्या केंद्राने हात आखडता घेतल्यास काय, असा त्यांचा प्रश्न आहे. काम करू शकणाऱ्या प्रौढांना मोफत विमा देऊ नये, असेही ते म्हणतात. शिवाय टेक्ससच्या आकड्यामागे अन्य कारणेही आहेत. तेथे स्थलांतरितांची संख्या मोठी आहे आणि कागदपत्रे नसलेल्यांना केंद्रीय योजनांतील विमा मिळत नाही. तथापि, स्थलांतरितांचे प्रमाण कॅलिफोर्नियातही मोठे आहे. तेथे विमा नसलेल्यांचा हिस्सा २०१३ मधील १७.२ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ६.४ टक्क्यांवर आला. याच काळात टेक्ससमधील घट २२.१ टक्क्यांवरून १६.४ टक्क्यांपर्यंतच झाली.

या पार्श्वभूमीवर वाढीव करसवलत संपण्याचे परिणाम पाहावे लागतील. मेडिकेडचा विस्तार न झालेल्या राज्यांत दारिद्र्यरेषेच्या किंचित वर असलेल्यांना ही सवलतच आधार होती. कित्येकांना शून्य हप्त्यात विमा मिळत होता. म्हणूनच २०२५ मध्ये एकट्या फ्लोरिडात सुमारे ४७ लाख आणि टेक्ससमध्ये सुमारे ४० लाख लोकांनी बाजारपेठेतून विमा घेतला. ज्या राज्यांनी मूळ कायद्याला सर्वाधिक विरोध केला, त्यांचेच नागरिक त्याच्या सवलतीवर सर्वाधिक विसंबून राहिले, हा या कथेतील विरोधाभास होय. दुसरा फटका मध्यमवर्गाला बसतो. वाढीव सवलतीच्या काळात प्रमाण योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जाणार नाही, अशी हमी होती. ती संपल्यावर दारिद्र्यरेषेच्या चौपट, म्हणजे एका व्यक्तीसाठी ६२,६०० डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्याला कोणतीच केंद्रीय सवलत उरली नाही. व्हर्माँटसारख्या महागड्या राज्यातील साठीच्या व्यावसायिकाला याची झळ विशेष जाणवणारी आहे.

विस्तार स्वीकारलेल्या राज्यांपुढेही आव्हान आहे. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्यानुसार, विस्तारित मेडिकेडमधील अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण अथवा समाजसेवा केल्याचा पुरावा द्यावा लागणार आहे. या अटीच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना जानेवारी २०२७ ही मुदत देण्यात आली. या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांच्या संख्येत सुमारे एक कोटीची भर पडेल, असा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. असा प्रयोग आर्कान्सामध्ये २०१८ साली झाला होता. न्यायालयाने तो थांबवण्यापूर्वी अवघ्या काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. त्यांतील अनेक जण काम करीत होते. मात्र पुरावा वेळेवर नोंदवणे त्यांना जमले नव्हते.

विमा नसलेला माणूस आजारी पडतच नाही, असे नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअरशी संलग्न रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला पैशांची विचारणा करीत न बसता अत्यवस्थ रुग्णाची प्रकृती स्थिर करावी लागते. मधुमेहावरील नियमित औषध मात्र या कायद्याने मिळत नाही. ते न मिळाल्याने विकोपाला गेलेला आजार रुग्णालयात पोहोचतो. ते बिल वसूल न झाल्यास त्याचा बोजा रुग्णालयावर, सरकारी तिजोरीवर किंवा रुग्णाच्या कर्जखात्यावर पडतो.

अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांनाही हा विषय परका नाही. एच-१बी व्हिसावरील बहुतेकांचा विमा नोकरीशी जोडलेला असतो. नोकरी गेल्यास कायद्याप्रमाणे तोच विमा साधारणतः १८ महिने चालू ठेवता येतो. पण मालकाचा वाटाही स्वतःलाच भरावा लागतो. हप्त्याची खरी किंमत अनेकांना त्याच वेळी प्रथम कळते.

२०२३ मध्ये अमेरिकेने आरोग्यावर सुमारे ४,९०० अब्ज डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के खर्च केला. एवढा खर्च करणाऱ्या देशात अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना राहिले, याचे कारण पैशांची टंचाई हे म्हणता येत नाही. मालक, केंद्र आणि राज्य यांपैकी कोणीतरी वाटा उचलतो तेथे महागडा विमाही घराघरांत पोहोचतो. कोणीच उचलत नाही तेथे सरासरी किमतीचा विमाही दूरच राहतो. सवलतींवरील वाद पुढे कोणतेही वळण घेवो, त्याची खरी कसोटी हप्त्यांच्या तक्त्यापेक्षा सॅबीन नदीच्या दोन्ही तीरांवर लागणार आहे.