रॉजर्स, मॅस्लो आणि अशास्त्रीयतेचा आरोप

मानसशास्त्रातील मानवतावादी दृष्टिकोन विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत पुढे आला, तो दोन प्रस्थापित पंथांना विरोध करत. म्हणूनच अब्राहम मॅस्लो यांनी त्याला ‘तिसरी शक्ती’ म्हटले. मनोविश्लेषणाचे प्रवर्तक फ्रॉइड यांच्या मते माणसाच्या वागण्याची सूत्रे अबोध मनातील संघर्षाच्या हाती असतात. वर्तनवादी स्किनर यांच्या मते ती परिस्थितीच्या आणि वर्तनाला मिळणाऱ्या प्रबलनाच्या, म्हणजे ते वर्तन पुन्हा घडवणाऱ्या परिणामांच्या, हाती असतात. दोन्हीकडे माणूस चालवला जातो. मॅस्लो आणि कार्ल रॉजर्स यांनी मात्र माणसाला निवड करता येते आणि वाढण्याची उपजत ओढ असते, असे मानले. टीकाकारांचा रोख नेमका इथेच आहे: हे सगळे ऐकायला गोड, पण तपासता येत नाही, तेव्हा ते शास्त्र नव्हे.

मॅस्लो यांच्यापुरता हा आक्षेप बराचसा खरा आहे. आत्मवास्तविकीकरण, म्हणजे स्वतःतील शक्यता पूर्णपणे फुलवणे, साधलेली माणसे म्हणून त्यांनी लिंकन, आइन्स्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट अशी स्वतःला थोर वाटणारी नावे निवडली, त्यांचे गुण टिपले आणि तेच गुण आत्मवास्तविकीकरणाची लक्षणे म्हणून मांडले. हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. त्यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या माणसाच्या गरजांच्या श्रेणीचा वहाबा आणि ब्रिडवेल यांनी १९७६ मध्ये आढावा घेतला, तेव्हा तिला मिळालेला पुरावा तुटपुंजाच निघाला.

पण मॅस्लो यांचे दोष रॉजर्स यांच्या माथी मारणे हा अन्याय आहे. मानसोपचाराच्या बंद खोलीत काय घडते, हे पूर्वी उपचारकाच्या आठवणीवर अवलंबून असे. फ्रॉइड रुग्णांच्या नोंदी दिवसाचे काम संपल्यावर लिहीत. रॉजर्स यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात ही संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ च्या पुस्तकात एका समुपदेशनाच्या आठही बैठका शब्दशः छापल्या. स्वतःचे काम परक्याच्या तपासणीसाठी असे उघडे ठेवणारे अशास्त्रीय कसे?

शिकागोत त्यांच्या गटाने केलेले मापन १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशनासाठी आलेल्याला १०० कार्डे दिली जात. प्रत्येकावर ‘मी कष्टाळू आहे’ अशा धर्तीचे एक विधान असे. ती आधी ‘मी आहे तसा’ आणि मग ‘मला व्हायचे आहे तसा’ या चित्राला किती लागू पडतात, त्या क्रमाने लावायची. उपचारापूर्वी दोन्ही मांडण्यांतील सहसंबंध सरासरी उणे ०.०१ होता, म्हणजे जवळजवळ नव्हताच. उपचारानंतर तो ०.३४ झाला. काहींना आधी ६० दिवस थांबवून ठेवले होते. तेवढ्या काळात त्यांचा आकडा हलला नाही. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावरच हे मापन उभे आहे, ही त्याची मर्यादा खरी. पण मर्यादित मापन आणि मापनच नसणे यांत फरक आहे.

टीकाकारांचा, विशेषतः वर्तनवाद्यांचा, दुसरा वार अधिक धारदार आहे. रॉजर्स कोणतीही अट न घालता सर्वच बोलणे स्वीकारतात, हा दावा चार्ल्स ट्रुअक्स यांनी १९६६ मध्ये रॉजर्स यांच्याच ध्वनिमुद्रणांवर तपासला आणि काही प्रकारच्या बोलण्याला जास्त जिव्हाळा मिळतो, असे दाखवून दिले. म्हणजे प्रबलन तिथेही होते. हे मान्य करायलाच हवे. पण त्यामुळे प्रबलनाने सारेच उलगडले असे होत नाही. आणि जो सिद्धान्त स्वतःच्याच सामग्रीवर असा उघडा पाडता येतो, त्याला ‘तपासता न येणारा’ म्हणता येत नाही. टीकाकारांचे दोन आक्षेप इथे एकमेकांनाच छेद देतात.

रॉजर्स यांच्या पद्धतीला मर्यादाही आहेत. विस्कॉन्सिनच्या मनोरुग्णालयातील छिन्नमनस्कतेवरच्या प्रकल्पात रॉजर्स यांना फारसे यश आले नाही, आणि तेही १९६७ मध्ये छापले गेले. तीव्र मनोविकारात औषधोपचाराची जागा समानुभूती, म्हणजे समोरच्याचे जग त्याच्या नजरेतून समजून घेणे, घेऊ शकत नाही. एखाद्या विशिष्ट गोष्टीच्या भयगंडावर वर्तनोपचाराची तंत्रेही अधिक थेट लागू पडतात.

विचार बदलण्यावर भर देणाऱ्या बोधात्मक पंथाकडून आलेला प्रतिवाद वेगळ्या वळणाचा आहे. समानुभूती, विनाअट आदर आणि उपचारकाचा खरेपणा या अटी बदलासाठी आवश्यक आणि पुरेशा आहेत, असे रॉजर्स यांनी १९५७ मध्ये म्हटले. अल्बर्ट एलिस यांनी १९५९ मध्ये त्या आवश्यकही नाहीत आणि पुरेशाही नाहीत, असे उत्तर दिले. तरी एलिस यांच्याच, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाचा विनाशर्त स्वीकार हे मुख्य सूत्र आहे. ‘पुरेशा’ हा रॉजर्स यांचा शब्द टिकला नाही. समानुभूती मात्र बोधात्मक असो वा वर्तनवादी, प्रत्येक पंथाच्या समुपदेशकाला आज शिकावीच लागते.