शिवराई मिळते, तिचं पुस्तक मिळत नाही

जुनी पानं : साप्ताहिक सदर
टिपणकार, खांदेश्वर

शिवराई आज कोणालाही मिळते. नाण्यांच्या कुठल्याही प्रदर्शनात जा, टेबलावर तांब्याचा ढीग असतो. हाताला लागेल ती उचलायची आणि भाव ठरवायचा. विकणारा ठामपणे सांगतो की नाणं महाराजांच्याच काळातलं आहे. घेणारा भावुक होतो, पैसे मोजतो आणि ती लाल मखमलीच्या डबीत ठेवतो. पण ती खरोखर राज्याभिषेकानंतरच्या वर्षांतली आहे की शंभर-सव्वाशे वर्षांनी पेशवाईत पाडलेली आहे, हे सांगणारं पुस्तक त्या टेबलावर नसतं. नाण्यांवरची जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं जमवणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. ती वाढली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा आठवडा त्यांच्यासाठी.

शिवराईचंच घ्या. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. महाराजांच्या नंतरच्या छत्रपतींनीही हाच मजकूर पुढे चालवला, पेशवाईतही तोच राहिला. म्हणजे नाव वाचून काळ ठरत नाही. तो ठरवावा लागतो अक्षरांच्या वळणावरून, ऱ्हस्व-दीर्घावरून, ओळींमधल्या रेघांवरून, ठिपक्यांवरून आणि वजनावरून. असा अभ्यास एका नाण्यावर होत नाही, त्याला हजारो नाणी एकत्र बघावी लागतात. हे काम पहिल्यांदा नेटानं कोणी केलं? अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री जस्टिन एडवर्ड्स ॲबट यांनी. आपल्या रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिवराई बाजारात अजून चालत होती. ॲबटनी ती हजारोंनी गोळा केली, एकेक नाणं बघून त्यावरच्या मजकुराचे प्रकार लावले आणि त्यावरचा प्राथमिक अभ्यास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, विसाव्या खंडात, छापला. पुढे महीपतीचे आणि संतांचे इंग्रजी अनुवाद करून महाराष्ट्राला ठाऊक झाले ते हेच ॲबट.

शंभर वर्षांहून जुना हा लेख आजही शिवराईच्या अभ्यासाचा पाया आहे. त्यानंतर मराठ्यांच्या टाकसाळींवर पद्धतशीर मोठा ग्रंथ यायला १९८९ साल उजाडलं. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा तो ग्रंथ नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेनं काढला. आज तोही पुस्तकांच्या दुकानात सहज मिळत नाही. शिवराई जमवणारे मला अनेक भेटतात, पण त्यांच्यापैकी ॲबटचा लेख वाचलेले फार थोडे असतात. तो ज्या खंडात आहे तो मूळ खंड घरी असलेला तर एखादाच.

पुस्तक नाण्याइतकंच मोलाचं का, याचा सगळ्यांत सणसणीत पुरावा नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबीनं दिला आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. क्षहरात राजा नहपानाची १३,००० हून अधिक नाणी, आणि त्यांतली ९,००० हून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारून पुन्हा चालू केलेली. नहपानाचा चेहरा आणि त्याच्या डोक्यावर, गालावर, नाकावर सातवाहनांचा डोंगर आणि उज्जयिनीचं चिन्ह! कोणी कोणाचा पराभव केला, हे यापेक्षा स्वच्छ सांगणारा कागद सातवाहनांच्या काळातून आलेला नाही. पुढे ही नाणी देशोदेशीच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत विखुरली, आजही ती लिलावात एकेकटी विकली जातात.

सगळा ठेवा एकत्र असताना तो रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तपासला आणि त्याचा वृत्तांत मुंबई शाखेच्या त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या ध्यानात आलं की या नाण्यांवर नाव एकच असलं तरी चेहरे एक नाहीत. वय वेगळं, नाक वेगळं, जबडा वेगळा. हे सगळे मिळून एकच माणूस असेल का, अशी शंका त्यांनी मांडली. एका घराण्यातल्या अनेकांनी नहपान हेच नाव नाण्यांवर ठेवलं असावं, असा त्यांचा तर्क होता. तो सर्वांना पटला नाही, पण तो करता आला याचं कारण हजारो चेहरे त्यांच्यासमोर एका वेळी होते. नाण्याच्या कडेनं ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांतला मजकूर आहे. कुठल्याच नाण्यावर तो पूर्ण उमटत नाही, कुठे डावीकडची अक्षरं ठशाबाहेर गेलेली, कुठे उजवीकडची झिजलेली. पुष्कळ नाणी शेजारी ठेवून तो जुळवावा लागतो. आता तसं कोणालाही करता येणार नाही, कारण ठेवाच उरलेला नाही. त्या ठेव्याचं एकत्र रूप आज फक्त त्या छापील पानांत आहे.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे. ठेवा पांगला की त्याचा वृत्तांत हेच मूळ साधन होतं. त्याला संदर्भसाहित्य म्हणून खालच्या फळीवर टाकणं ही चूक आहे. वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांची नाणी सापडली, ती महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाचली आणि भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात छापली. पुराणांच्या याद्यांत नसलेले राजे त्या नाण्यांवर निघाले. ही परिषद १९१० मध्ये अलाहाबादेत स्थापन झाली आणि तिचं नियतकालिक १९३९ पासून निघू लागलं. त्याच्या सुरुवातीच्या खंडांमागे एका मराठी माणसाची मोठी मेहनत आहे : कोल्हापूरकडच्या म्हाकवे गावात जन्मलेले डॉ. अनंत सदाशिव आळतेकर. राजस्थानात बयाना इथे १९४६ मध्ये सापडलेल्या गुप्तकालीन सोन्याच्या १,८२१ नाण्यांचा त्यांनी केलेला ग्रंथ १९५४ चा आहे. सोन्याच्या नाण्यांवर इतका बारकाईचा ग्रंथ आपल्याकडे क्वचितच झाला. बयानाचं एखादं नाणं बघायला मिळालं नाही तरी चालेल, तो ग्रंथ मात्र प्रत्येक नाणेसंग्राहकानं एकदा समोर घेऊन बसावं असा आहे.

आता खांदेश्वरची गोष्ट. गेल्या पंचवीस वर्षांत गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथली कितीतरी मराठी कुटुंबं हार्बर लाइन धरून इकडे आली. खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल. येताना त्यांनी आजोबांची कपाटं आणली आणि त्यांतली पुस्तकंही. मग घर लहान पडतं, पोटमाळा नसतो, मुलं पुण्याला किंवा परदेशी जातात, आणि एक दिवस रद्दीवाल्याला बोलावलं जातं. नाण्यांची डबी मात्र जपून ठेवली जाते, सराफाला दाखवली जाते. त्या नाण्यांबरोबरच आजोबांनी पन्नास वर्षं वर्गणी भरून घेतलेली नियतकालिकं किलोच्या भावानं जातात.

स्टेशनजवळच्या एका रद्दीच्या दुकानात अशाच गठ्ठ्यातला नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाचा एक अंक माझ्या हाती लागला. त्यातल्या एका चित्रफलकाच्या समासात कोणीतरी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं : नाण्याचं वजन, तोळ्या-माशांत. खाली, ते कुठल्या गावच्या सराफाकडून घेतलं ते. शेजारी एक लहानसा बाण, चित्रातल्या एका अक्षराकडे, आणि प्रश्नचिन्ह. छापील वाचनाशी त्या वाचकाचं जमलं नव्हतं. मी भिंग लावून पाहिलं, आणि मलाही ते अक्षर छापल्याप्रमाणे दिसेना. कुठल्याही विद्यापीठात नाव नसलेला एक माणूस आपल्या घरातल्या नाण्याशी छापील चित्र ताडून बघत होता. त्याचं नाणं आता कुठे आहे, कोण जाणे. त्याची शंका तेवढी कागदावर राहिली.

जुन्या प्रतीच का हव्यात, पुनर्मुद्रण का नको, असं बरेच जण विचारतात. उत्तर चित्रफलकांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चांगल्या सूचींमध्ये, उदाहरणार्थ रॅप्सन यांच्या १९०८ च्या आंध्र आणि पश्चिम क्षत्रप नाण्यांच्या सूचीत, चित्रं कोलोटाइप पद्धतीनं छापलेली आहेत. नाण्याचा प्लास्टरचा साचा काढायचा, त्याचा फोटो घ्यायचा आणि तो जिलेटिनच्या थरावरून छापायचा, अशी ती पद्धत. दहापट भिंग लावा, ठिपके दिसत नाहीत. करडा रंग सलग उतरत जातो, आणि अक्षराची झिजलेली कडसुद्धा त्यात राहते. त्याच सूचीचं स्वस्त पुनर्मुद्रण भिंगाखाली धरा, ठिपक्यांची जाळी दिसेल आणि अक्षर त्या जाळीत विरघळलेलं असेल. जे अक्षर वाचण्यासाठी सूची काढली तेच गेलं! मजकुरासाठी पुनर्मुद्रण किंवा संगणकावरची प्रत उत्तम आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं 'ग्रंथ संजीवनी'तून जुने ग्रंथ घरबसल्या उघडून दिले, हे फार मोठं काम आहे. पण चित्रांच्या बाबतीत मूळ छपाईला पर्याय नाही. स्कॅन करताना दुमडलेला मोठा कागद कित्येकदा उलगडलाही जात नाही.

म्हणून विकत घेताना आधी चित्रफलक मोजा. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत त्यांची संख्या दिलेली असते. सुटी चित्रं चौकटीत घालून विकणारे या व्यवसायात आहेत, आणि त्यांनी कापलेल्या ग्रंथाचं नुकसान भरून येत नाही. नियतकालिकांच्या बाबतीत आणखी एक बघा : बांधणी करताना कागदी वेष्टनं फेकून दिली जातात. त्या वेष्टनांवर सभासदांची नावं, व्यापाऱ्यांच्या जाहिराती, नाण्यांचे त्या वेळचे भाव असतात. वेष्टनासकट मिळालेला सुटा अंक बांधीव खंडापेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो.

नियतकालिकं किती लवकर नाहीशी होतात याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. १९३८ पासून मुंबईहून 'न्यू इंडियन अँटिक्वरी' नावाचं मासिक निघत असे. संपादक सु. मं. कत्रे आणि भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा चांदीच्या आहत नाण्यांच्या वजनांवरचा लेख १९४१ मध्ये त्यातच आला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या कोसंबींनी एक साधी गोष्ट हेरली होती. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं, हलकं होतं. पुष्कळ नाणी काटेकोर तोलली तर कुठलं जास्त काळ चलनात होतं हे संख्याशास्त्रानं काढता येतं. ही पद्धत तपासायला त्यांनी त्या वेळी बाजारात चालणारी नाणीही तोलली. आज जगभर ज्याचा उल्लेख होतो ते हे काम या जोडगोळीच्या अल्पजीवी मासिकात छापलं गेलं. कोसंबींचे नाण्यांवरचे लेख १९८१ मध्ये ग्रंथरूपानं आले म्हणून सगळ्यांना मिळाले. त्याच मासिकातल्या इतर लेखकांना तसं भाग्य लाभलं नाही. त्यांना शोधायचं तर मूळ अंकच शोधावे लागतात.

युरोपात छापील पुस्तकांच्या पहिल्या शतकातच नाण्यांची पुस्तकं निघाली, आंद्रेआ फुल्वियोचं सचित्र पुस्तक रोममध्ये १५१७ चं. पण त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १३१८ मध्ये, दिल्लीच्या टाकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरूनं 'द्रव्यपरीक्षा' लिहिली होती. कुठल्या नाण्यात किती सोनं, किती चांदी, याचा हिशेब प्राकृत पद्यात! हा ग्रंथ शतकानुशतकं कोणाला माहीत नव्हता. १९४६ च्या सुमारास कलकत्त्यातल्या एका संग्रहात त्याची हस्तलिखित प्रत अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना दिसली, म्हणून तो आपल्याला मिळाला. ती प्रत आधीच रद्दीत गेली असती तर या ग्रंथाचं नावही कोणाला कळलं नसतं.

आपल्या भागात पुस्तकांचा मोठा शत्रू पावसाळा. खाडी जवळ, हवा दमट, जुलैत भिंतींना ओल. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. खालचा खण रिकामा सोडा. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, कसर लांब राहते. पुस्तकं दाटून भरू नका आणि थेट उन्हात वाळत घालू नका, कोलोटाइपचा जाड कागद वाकडा होतो. चिकटपट्टीनं फाटकं पान जोडू नका, दहा वर्षांत तिचा पिवळा डाग अक्षर खातो.

आणि ज्यांच्या घरी असा गठ्ठा आहे त्यांना एक विनंती. घर रिकामं करताना नाणी वेगळी आणि कागद वेगळे करू नका. आजोबांच्या वह्या, पोस्टकार्डं, लिलावाच्या याद्या, लेखकांनी सही करून पाठवलेले सुटे लेख, सगळं एका खोक्यात ठेवा. नाणं कुठून आलं हे त्या वहीत असतं, आणि ते माहीत नसलेल्या नाण्याला अभ्यासकाच्या दृष्टीनं निम्मंच मोल. मग पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, अंजनेरीची संस्था, मुंबईची एशियाटिक सोसायटी किंवा कालिन्याला मुंबई विद्यापीठातला नाणकशास्त्राचा विभाग, यांपैकी कोणाला तरी आधी विचारा. त्यांनी नको म्हटलं तर एखाद्या तरुण नाणेसंग्राहकाला द्या. रद्दीवाल्याला बोलावणं हा सगळ्यांत शेवटचा पर्याय असू द्या.