पहिलं खोकं लहान असावं

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. त्याच रात्री बहिणीच्या मुलाचा फोन आला. "मामा, मला मिग बनवायचंय. आजोबांसाठी." त्याचे आजोबा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, याच विमानांवर गेली. आठवीतल्या मुलाने असं काही मागितल्यावर कोण नाही म्हणेल? मी म्हणालो. म्हणजे मिग नक्की करू, पण तिसरं करू, असं सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पंचवीस वर्षं मी विमानं आणि रणगाड्यांची प्लॅस्टिकची किट जोडतो आहे. या छंदाला लागलेली आणि महिन्याभरात सुटलेली किती तरी मुलं पाहिली. सुटण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, पहिलं खोकं चुकलेलं असतं. माझंही चुकलं होतं. पहिल्या पगारात मी चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान आणलं. चित्र भव्य होतं आणि आत शेकडो तुकडे होते. चार इंजिनं म्हणजे तेच काम चार वेळा, आणि काचेचे इतके भाग की एकावर गोंदाचं बोट लागलं तरी मन मोडावं. ते विमान कधीच पुरं झालं नाही. पुढे दोन वर्षं मी किटला हात लावला नाही.

मिग दिसायला सोपं वाटतं. बारीक नळकांडं आणि त्रिकोणी पंख. पण त्याची बरीचशी रूपं चंदेरी आहेत, आणि चंदेरी रंग काही लपवत नाही. सांध्यावर राहिलेला गोंद, पॉलिश पेपरचा ओरखडा, बोटाचा ठसा, सगळं त्यात दुप्पट दिसतं. शिवाय नाकाखाली चाक असलेल्या विमानाच्या नाकात बहुधा वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. पोट एकदा चिकटवलं की वजन घालायची वाट बंद. नवशिक्याचं हे हमखास राहून जातं.

आता प्रमाणाविषयी. आपल्याकडच्या मुलांनी दिवाळीत किल्ला केलेला असतो. त्यात दरवाज्यापेक्षा मावळा उंच असतो आणि वाघ बुरुजाएवढा. त्या किल्ल्याची मजा त्यातच आहे. स्केल मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक गोष्ट एकाच आकड्याने भागायची असते. १:७२ म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. मिगच्या पंखांचा विस्तार सात मीटरांहून जरा जास्त, तो या प्रमाणात दहा सेंटिमीटर होतो आणि लांबी वीतभर. विमानं प्रामुख्याने १:७२ आणि १:४८ मध्ये मिळतात, रणगाडे १:३५ मध्ये. हा पस्तीसचा आकडा कुठून आला, हे मला फार आवडतं. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६१ साली पँथर रणगाड्याचं किट काढलं. रणगाडा मोटरवर चालायचा होता, म्हणून मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढा तो केला. नंतर मोजलं तर प्रमाण सुमारे पस्तीसास एक निघालं. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच उचललं. एका बॅटरीच्या आकारावर सगळ्या छंदाचं माप ठरलं.

नवशिक्याने विमान १:७२ मध्येच घ्यावं. रंग कमी लागतो, जागा कमी लागते आणि मुख्य म्हणजे ते संपतं. एका इंजिनाचं, एका पंखजोडीचं, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. दोन मजली पंखांच्या जुन्या विमानांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये; वरचा पंख सरळ बसवणं आणि मधल्या तारा ओढणं हे मुरलेल्या हाताचं काम आहे. खोक्यावर पितळी पत्र्याचे कोरीव भाग आहेत असं लिहिलं असेल तर तेही परत ठेवावं.

खरा सापळा वेगळाच आहे: नवं खोकं, जुना साचा. पोलादी साचे दशकानुदशकं टिकतात, म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं किट आजच्या चकचकीत चित्रासह पुन्हा दुकानात येतं. त्यात पंख आणि पोट यांच्यामध्ये फट राहते, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा उठलेल्या असतात. ब्रिटनच्या एअरफिक्सने असली किट 'व्हिंटेज क्लासिक्स' या नावाखाली वेगळी काढली आहेत, हे त्यांनी चांगलं केलं. आठवणींसाठी ती जरूर घ्यावीत, शिकण्यासाठी नकोत. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: साचा कुठल्या सालचा? त्याला माहीत नसेल तर घरी जाऊन शोधावं आणि मग घ्यावं.

भाच्यासाठी मी एअरफिक्सचं १:७२ हरिकेन आणलं. नव्या साच्याचं, गोंद, रंग आणि ब्रश खोक्यातच असलेलं. हरिकेन आपल्याही हवाई दलाचं. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांनी हरिकेनच्याच स्क्वॉड्रनचं नेतृत्व केलं होतं. (या कंपनीची कितीतरी किट भारतात तयार झालेली आहेत, खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात ते वाचायला मिळतं.) रविवार ते रविवार असं आम्ही काम केलं. तुकडे चौकटीवरून पिळून तोडायचे नाहीत, कटरने कापायचे, हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पटलं. आधी भांडी घासायच्या साबणाने सगळं धुतलं, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला की रंग धरत नाही. कॉकपिटची काच फेविकॉलने लावली. फेविक्विकसारख्या गोंदाच्या वाफेने काच पांढुरकी पडते आणि ती सहजी साफ होत नाही. फेविकॉल वाळला की पारदर्शक होतो. चिन्हं कोमट पाण्यातून सरकवताना त्याचा श्वास थांबलेला मी पाहिला. एक चिन्ह तिरपं बसलं. तसंच राहू दिलं.

चौथ्या रविवारी विमान तयार होतं. तिरप्या चिन्हासकट ते त्याने आजोबांच्या हातात दिलं.

दुसरं खोकं रणगाड्याचं. रणगाडा विमानाहून सोपा असतो, असं माझं मत आहे. काच नाही, चकचकीत रंग नाही, आणि एखादा सांधा फसला तर त्यावर चिखल लावता येतो. प्रत्यक्षातही तिथे चिखलच असतो. फक्त पट्टे पाहून घ्यावेत. एकेक कडी जोडायची असेल तर दीडदोनशे कड्या होतात, त्या नकोत. जुन्या रबरी पट्ट्यांची टोकं तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून जोडावी लागत, तेही मुलांच्या हाती नको. नेहमीच्या गोंदाने चिकटणारे अखंड पट्टे असलेला तामियाचा १:३५ शर्मन आम्ही निवडला. शर्मन १९६५ साली असल उत्तरच्या लढाईत आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटकडे होते, पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर.

किट उघडण्याआधी मी त्याला नगरला नेलं. (आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं.) तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे आणि महाराष्ट्रातल्या किती मुलांनी ते पाहिलं असेल, याची मला काळजी वाटते. शर्मनची उंची पावणेतीन मीटर. पुस्तकात हा नुसता आकडा असतो, शेजारी उभं राहिल्यावर भाचा म्हणाला, "एवढा उंच असेल तर लांबूनच दिसणार ना!" शर्मनचा तो खरोखर दोष होता. तिथे युद्धात जिंकून आणलेले पॅटनही आहेत. त्याने वहीत चाकं मोजून काढली, ओढायचा दोर कुठे बांधतात ते काढलं. घरी आल्यावर किटमधला तो दोर लावताना त्याला कागदावरची सूचना पाहावी लागली नाही.

मिग आत्ता, तिसरं म्हणून, टेबलावर आहे. ते आणतानाही वडिलांनी आम्हाला अडवलं. नुसतं 'मिग-२१' एवढं पाहून खोकं घ्यायचं नाही, म्हणाले. एफएल, एम आणि बिस ही तिन्ही रूपं ओझरला बांधली गेली. एफएलची पाठ सडपातळ, एमची फुगीर, बिसची त्याहून भरदार. ते बोटाने हवेत पाठीची रेघ काढून दाखवत होते आणि नातू दुकानातल्या खोक्यांवरच्या चित्रांशी ती ताडून पाहत होता. हेच हरिकेनच्या आधी घडलं असतं, तर पाठीतला हा फरक त्याच्या डोळ्यांना दिसलाच नसता. शेवटी बिस घेतलं. रंग चंदेरी नाही, करडा द्यायचा ठरला आहे.

येत्या सुट्टीत भाच्या-पुतण्यांना किट देणाऱ्या मामा, काका, आत्या, मावश्यांना माझी विनंती आहे. दुकानातलं सगळ्यात मोठं खोकं उचलू नका. सगळ्यात लहान घ्या, आणि वाचलेल्या पैशांतून एक चांगला कटर, पॉलिश पेपर आणि प्लॅस्टिकचा गोंद घ्या. गोंद वापरताना खिडकी उघडी ठेवा. आणि पहिले दोन रविवार त्या मुलाशेजारी बसा.